पैठणच्या वरचं पाणी

मंडळी, नमस्कार.

नांदेड जिल्ह्यात, धर्माबाद तालुक्यात, गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याला १४ दरवाजे आहेत. दरवर्षी १ जुलैला तिथं केंद्रीय जल आयोगाचे अधिकारी येतात, तेलंगणाचे येतात, आपले येतात. सगळ्यांच्या समोर चौदाही दरवाजे वर उचलले जातात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत ते खाली येत नाहीत. पाऊस कमी झाला म्हणून आठ दिवस आधी खाली करू, असं तिथं कुणाला म्हणता येत नाही. पुढं १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खालच्या राज्याला सोडायचं, तेही ठरलेलं. सर्वोच्च न्यायालयानं २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालात हे घालून दिलं. बंधाऱ्यात मावतं किती? २.७४ टीएमसी. एवढ्या पाण्यासाठी तारीख आहे, आकडा आहे, देखरेखीला समिती आहे.

टीएमसी हा शब्द आपण रोज पेपरात वाचतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर २,८०० कोटी लिटरच्या थोडं वर.

आता बाभळीपासून नदीच्या उलट्या दिशेनं चालायला लागा. नांदेड येईल, गंगाखेड येईल, पुढं पैठण. तिथं जायकवाडी धरणाची भिंत. भिंतीच्या वर गोदावरी, प्रवरा, मुळा, दारणा, कादवा. या सगळ्या नद्यांवर मिळून किती पाणी कुणी अडवायचं, किती उपसायचं, कुठल्या तारखेला थांबायचं, असं बाभळीसारखं लिहिलेलं कुठं सापडतं का, हे मी नोकरीची बरीच वर्षं शोधत होतो. पाटबंधारे खात्यात शाखेवर काम केलं, कालव्यावर केलं, शेवटी नदीवरच्या बंधाऱ्यांवर केलं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

गोदावरीचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणारा लवाद न्यायमूर्ती बच्छावत यांचा. त्याचा अंतिम निवाडा १९८० सालचा. त्यात आपल्या दृष्टीनं फार महत्त्वाची एक तरतूद आहे. गोदावरीवर पैठण धरणापर्यंत आणि पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरणापर्यंत जेवढं पाणी येईल ते सगळं महाराष्ट्रानं वापरावं. त्याच्या खाली मात्र आकड्यांचं बंधन. राज्याराज्यांनी आधी आपसात करार केला होता, लवादानं तो निवाड्यात घेतला. महाराष्ट्राच्या दृष्टीनं हा चांगला सौदा होता, यात शंका नाही.

पण ती तरतूद मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा "महाराष्ट्रानं" या शब्दावर अडखळतो. कोणत्या महाराष्ट्रानं? इगतपुरीच्या घाटमाथ्यावर पाऊस पडतो, त्या महाराष्ट्रानं? राहाता-कोपरगावच्या ऊसवाल्या महाराष्ट्रानं? की जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या २०८ किलोमीटरच्या शेवटाला, परभणी जिल्ह्यात, शेताकडं पाणी आणणाऱ्या कोरड्या चारीकडं बघत बसलेल्या महाराष्ट्रानं? लवादाला हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. राज्याराज्यांतलं भांडण मिटवणं हे त्याचं काम होतं. घरातल्या भावाभावांची वाटणी घरानं करायची होती. ती आपण केली नाही. माझं आजचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे.

कृष्णेकडं गेलात तर हेच दिसेल. कृष्णेच्या लवादाच्या १९७६ च्या निवाड्यात महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकला ७००, आंध्रला ८००. नुसता एकूण आकडा देऊन लवाद थांबला नाही. भीमेच्या मुख्य प्रवाहातून महाराष्ट्रानं वर्षाला ९५ टीएमसीपेक्षा जास्त घ्यायचं नाही, कोयनेचं पाणी वीज करण्यासाठी पश्चिमेकडं वळवायचं ते ६७.५ टीएमसीपर्यंतच, असे पोटआकडेही त्यानं घातले. खालच्या राज्याला धास्ती होती म्हणून हे आकडे आले. धास्तावलेल्या माणसाकडं वकील होता, सरकार होतं, लवादापुढं उभं राहायची ऐपत होती. करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या शेवटच्या शेतकऱ्याकडं यातलं काय होतं?

राज्याच्या आतला कायदा पाहू. महाराष्ट्र झाला तेव्हा पाण्याचे तीन कायदे तीन दिशांनी आले. पश्चिम महाराष्ट्रात १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा, विदर्भात मध्य प्रांताचा १९३१ चा, मराठवाड्यात निजामाच्या राजवटीतला. या तिन्हींची जागा घ्यायला १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम आला. कायदा म्हणून तो वाईट नाही. नदी अधिसूचित करायची, म्हणजे राजपत्रात जाहीर करायची, लाभक्षेत्र, म्हणजे कालव्याचं पाणी मिळणारी जमीन, अधिसूचित करायचं, कालवा अधिकारी नेमायचे, मग कुणी किती पाणी घ्यायचं यावर नियंत्रण ठेवायचं, अशी त्याची मांडणी आहे. अडचण पुढच्या पायरीवर झाली. कायदा आला की नियम करावे लागतात. ते दशकानुदशकं झाले नाहीत. जुन्या कायद्यांखालचे नियम तोवर चालू राहतील असं कलम होतं, त्या कलमावर गाडा चालला. अनेक नद्या आणि अनेक लाभक्षेत्रं अधिसूचित व्हायची राहून गेली.

याचा अर्थ काय होतो, हे मला एका तालुक्याच्या कोर्टात कळलं. कालव्याच्या भरावावरून रात्री सायफनचा पाइप टाकून पाणी चोरलं जात होतं. मी पंचनामा केला, पाइप जप्त केला, गुन्हा नोंदवला. तरुण होतो, हुरूप होता. तारखेला उभा राहिलो तर समोरच्या वकिलांनी शांतपणे तीन कागद मागितले. ही नदी अधिसूचित केल्याचं राजपत्र. हे गाव लाभक्षेत्रात असल्याचं राजपत्र. आणि साहेब कालवा अधिकारी आहेत याची नेमणूक. माझ्याकडं १९३४ च्या बॉम्बे कॅनॉल रूल्सची पिवळी पडलेली प्रत होती. ते तीन कागद नव्हते. कार्यालयात येऊन दप्तर उपसलं, तिथंही सापडले नाहीत. गुन्हा टिकला नाही. चोर सुटला याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. चारीच्या शेवटाला ज्याचं पाणी गेलं होतं, तो माणूस कोर्टाच्या बाहेर चिंचेखाली बसून होता. त्याला काय सांगायचं हे मला सुचलं नाही.

मंडळी, मर्यादा कागदावर असणं आणि मर्यादा अमलात येणं यांच्यामध्ये अशी एक राजपत्राची पायरी असते. ती गाळली की वरच्या सगळ्या पायऱ्या हवेत लटकतात.

मग २००५ साल आलं. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. देशात असं प्राधिकरण आपल्याकडं पहिलं, याचा आम्हा खात्यातल्या लोकांना त्यावेळी खरंच अभिमान वाटला होता. त्या कायद्यात कलम १२, पोटकलम ६, खंड ग आहे. आमच्याकडं त्याला नुसतं "बारा सहा ग" म्हणतात. त्याचा आशय असा. खोऱ्यात किंवा उपखोऱ्यात तूट आली तर तिची झळ सगळ्यांनी सारखी सोसायची. त्यासाठी दरवर्षी ऑक्टोबरअखेर सगळ्या धरणांतल्या साठ्याची टक्केवारी, खरिपात वापरलेलं पाणी धरून, साधारण सारखी राहील असं बघायचं. वरचं धरण ९० टक्के आणि खालचं १० टक्के, हे चालायचं नाही.

मला विचाराल तर आपल्या राज्याच्या पाण्याच्या कायद्यातलं हे सगळ्यात न्यायाचं कलम आहे. ते लिहिणाऱ्या माणसाला मी मनातून नमस्कार करतो. त्याचं पुढं काय झालं तेही बघा.

पहिली सात वर्षं ते झोपून राहिलं. २०१२ च्या दुष्काळात मराठवाड्यानं ते उठवलं. २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीनं नाशिक आणि नगरच्या कुठल्या धरणसमूहानं कुठल्या परिस्थितीत किती पाणी ठेवायचं आणि किती सोडायचं याचं कोष्टक दिलं. २०१४ मध्ये प्राधिकरणानं त्यावर आदेश काढला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, हे तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०१६ च्या निकालानं समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. तरीही २०१५ ला १२.८४ टीएमसी, २०१८ ला ८.९९ टीएमसी, २०२३ ला ८.६ टीएमसी, प्रत्येक वेळी नवं रण. २०२३ चा आदेश ३० ऑक्टोबरचा. पाणी प्रत्यक्षात निघालं ते नोव्हेंबर संपता संपता. कायदा ऑक्टोबरअखेर म्हणतो. हा जो महिना मध्ये जातो, त्यात नदीचं पात्र वाळतं, रब्बीच्या पेरण्या होतात, दोन्ही काठांवरच्या मोटारी सुरू होतात आणि सोडलेल्या पाण्यातलं वाटेत मुरणारं पाणी वाढतं. उशिराचं नुकसानही खालच्याच्याच वाट्याला.

असं पाणी सुटतं त्या रात्री मी एका कोल्हापुरी बंधाऱ्यावर होतो. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बंधाऱ्याच्या गाळ्यांत लोखंडी बरगे बसवलेले असतात. वरून सोडलेलं पाणी पुढं जायचं तर ते बरगे काढावे लागतात. म्हणजे गावानं पावसाळा संपताना अडवलेलं पाणीही त्याच्याबरोबर वाहून जातं. दोन्ही काठांची शेतीची वीज तोडलेली होती. काढलेले बरगे रात्रीत कुणी परत बसवू नयेत म्हणून ते काठावर रचून पोलीस बसवले होते. थंडी होती. लोखंडाला हात लावला की बोटं चिकटल्यासारखी व्हायची. गाळ्यातून पहिला बरगा निघाला तसा पाण्याचा आवाज बदलला आणि काठावर उभे असलेले वीसपंचवीस लोक एकदम गप्प झाले.

त्यांच्यात एक म्हातारी होती. तिनं कांद्याचं रोप टाकलेलं होतं. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "साहेब, तिकडच्या लोकांना प्यायला पाणी नाही म्हणतात. जाऊ द्या की. मी नाही म्हणत नाही. पण मला एवढं सांगा, यात माझं किती होतं?"

मी म्हणालो, "आजी, तसं ठरलेलं नसतं."

"मग तुमी नेताय ते कुणाचं?"

मंडळी, या बाईला मी उत्तर देऊ शकलो नाही आणि आजही माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. "बारा सहा ग" धरणांबद्दल बोलतं. धरणाच्या पोटातल्या टक्केवारीबद्दल बोलतं. त्या बंधाऱ्यावरच्या बाईचा वाटा किती, नदीकाठच्या उपशाचा वाटा किती, चारीच्या शेवटाचा किती, याबद्दल ते गप्प आहे. आणि ते बोलतं तेही फक्त तुटीच्या वर्षी. चांगल्या वर्षी वरच्यानं किती वापरावं यावर त्याचा लगाम नाही. चांगल्या वर्षांत ऊस वाढतो, द्राक्षबागा वाढतात, शेततळी वाढतात, कर्ज काढून पाइपलाइन होते. मग तुटीचं वर्ष उजाडतं आणि आपण त्या माणसाला सांगतो की तू आता निम्म्यावर ये. तो कसा येईल? त्याच्या आजोबांनी दारणेचं पाणी १९१६ नंतर पाहिलं, भंडारदऱ्याचं १९२६ नंतर. ब्लॉक पद्धतीत, म्हणजे ठरावीक जमिनीला काही वर्षांसाठी पाणी मंजूर करून, सरकारनंच त्यांना ऊस लावायला लावला. नगर-नाशिकच्या शेतकऱ्याला खलनायक करून मराठवाड्यात टाळ्या मिळतात, मी त्या घेणार नाही. त्यालाही आपला आकडा कधी कुणी सांगितलेला नाही. फक्त त्याच्या आकडा नसण्याचा त्याला फायदा झाला आणि खालच्याला तोटा, एवढाच फरक.

या बंधाऱ्याच्या प्रकरणानंतर मी एक गोष्ट केली. नोंदवहीत त्या बंधाऱ्यावर किती उपसा परवाने आहेत ते पाहिलं आणि मग एका रविवारी दोन्ही काठांनी पायी चालत मोटारी मोजल्या. नोंदीपेक्षा दुपटीहून जास्त निघाल्या. एका झाडाखाली तर पाच मोटारी एकाच खांबावरून चालत होत्या. आणि परवान्यावर तरी काय लिहिलेलं असतं? गट नंबर, पीक, क्षेत्र आणि मोटारीची अश्वशक्ती. पाणी किती, हे लिहायला त्यात जागाच नाही. पाच अश्वशक्तीची मोटार दिवसात दोन तास चालली की अठरा तास, कायद्याच्या लेखी सारखंच. आपण वीज मोजतो, पेट्रोल मोजतो, दूध तर फॅट लावून मोजतो. नदीतून उचललेलं पाणी मात्र अंदाजानं.

मोजायची तरतूद नाही असं नाही. २००५ च्याच सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यात पाणीवापर संस्थांना पाणी घनमापन पद्धतीनं, म्हणजे मोजून द्यायचं म्हटलं आहे. काही संस्थांनी ते मनापासून केलं. पण चारीच्या तोंडाशी पाण्याची उंची मोजायची जी गेजपट्टी असते, ती बघायला जा. रंग उडालेला, आकडे पुसलेले, कुठं पट्टीच गायब. पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी पाण्यात पाय घालून सांगतो, "साहेब, दीड फूट असंल." आमचा हिशोब त्या पायावर.

आणखी एक फट सांगतो, जी मला फार बोचते. उजनी धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसी. त्यातलं उपयुक्त साधारण ५४, आणि ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. आपल्याकडं उन्हाळ्यात पेपरात येतं, "उजनी मायनसमध्ये". म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला. पाणी उतरत कालव्याच्या उंबरठ्याच्या खाली गेलं की कालवा बंद. सांगोल्याचा, मोहोळचा, शेवटाचा माणूस तिथं थांबतो, त्याला थांबावंच लागतं. पण धरणाच्या पाणफुगवट्यात ज्यांच्या मोटारी आहेत ते थांबत नाहीत. पाणी मागं सरकेल तसा ते पाइप पुढं सरकवतात. हे लोकही साधे नाहीत बरं, धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातले कितीतरी आहेत, त्यांचा हक्क मी नाकारत नाही. माझं म्हणणं इतकंच, शून्याच्या खालचं पाणी कुणी, कशासाठी, किती वापरायचं याची ठोस मर्यादा हवी. आज जे होतं ते आदेशांनी होतं. जिल्हाधिकारी उपसाबंदी लावतात, वीज आठ तासांची दोन तास होते, चार दिवसांनी आंदोलन होतं, वीज परत चार तास होते.

शहरांचंही तसंच. पुणे महानगरपालिकेचा करार ११.५ टीएमसीचा होता. वापर १६ टीएमसीच्या पुढं गेला. करारापेक्षा जास्त पाणी घेतलं तर जास्त दरानं बिल येतं. बिलावर वाद होतो, पत्रव्यवहार होतो, थकबाकी साचते. शेतकऱ्याची मर्यादा संपली की त्याची चारी कोरडी पडते. शहराची संपली की दर वाढतो. प्यायच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे आणि असलाच पाहिजे. पण शहराच्या एकूण वापराला प्यायचं पाणी म्हणायचं, की त्यातल्या गळतीला आणि गाड्या धुण्यालाही?

कोकणाबद्दल फार बोलत नाही, मी तिथं नोकरी केलेली नाही. एकच चित्र सांगतो. कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्याला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे, हे मघाशी सांगितलं. घाटमाथ्यावर ते पाणी तोळ्यानं मोजलं जातं, थोडं जास्त सोडलं तरी खालच्या राज्याचं पत्र येतं. तेच पाणी वीज करून पोफळीच्या खाली उतरलं की त्याला आपण अवजल म्हणतो. वाशिष्ठीला मिळून ते चिपळूणवरून समुद्राकडं जातं. घाटाच्या वर ज्या थेंबाला लवाद आहे, त्याच थेंबाला घाटाच्या खाली कुणी वाली नाही. उन्हाळ्यात त्याच रत्नागिरी जिल्ह्याच्या वाड्यांवर टँकर फिरतात. कोकणात पाऊस फार म्हणून तिथं मर्यादांची आणि वाटपाची गरज नाही, असं आपण धरून चाललो. राज्याच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या चितळे आयोगानं १९९९ मध्ये राज्याचे २५ उपखोऱ्यांत भाग पाडून हेक्टरी किती घनमीटर पाणी, यावरून तुटीचा, सर्वसाधारण, विपुल असे वर्ग लावून दिले. वर्ग लागले. त्या त्या वर्गाला वेगळी मर्यादा लावायचं काम पुढं कुणी केलं नाही.

खरं तर हे सगळं एका आराखड्यात यायला हवं होतं. २००५ च्या कायद्यातच एकात्मिक राज्य जल आराखडा सांगितला आहे. तो आधी, प्रकल्पांना मंजुऱ्या नंतर. प्रत्यक्षात तो मंजूर करणाऱ्या राज्य जल परिषदेची पहिली बैठक २०१५ मध्ये झाली. तोवर आराखडा नसतानाच १९१ प्रकल्पांना मान्यता देऊन झाल्या होत्या आणि तो विषय उच्च न्यायालयात गेला, तेव्हा हालचाल झाली. शिवाय मध्ये २०११ च्या दुरुस्तीनं प्राधिकरणाचे हात आखडले. शेतीला किती, उद्योगाला किती, हे ठरवायचा अधिकार मंत्रिमंडळाकडं गेला आणि पाण्याचे हक्क सरसकट न राहता जिथं अधिसूचना निघेल तिथंच, असं झालं. म्हणजे फिरून पुन्हा माझ्या त्या तीन कागदांपाशी.

आता कुणी म्हणेल, हे मर्यादांचं सगळं शहाणपण आपल्या मातीतलं नाही, बाहेरून आणलंय. तसं नाही. धुळ्याकडं पांझरेवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. तीनएकशे वर्षांपेक्षा जुनी. एका बंधाऱ्याच्या खालची गावाची जमीन तीनचार फडांत विभागायची. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ऊस एकाच फडात, आणि पुढच्या वर्षी तो फड बदलायचा. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी. आता याची गंमत बघा. पाणी कमी आलं की पंच बसून ठरवायचे, यंदा दोनच फड भिजवायचे, एक पडीक ठेवायचा. पडीक ठेवलेल्या फडात सगळ्यांचीच जमीन असायची, पंचांचीसुद्धा. तूट आपोआप सगळ्यांत वाटली जायची. पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागले, वर हवालदार. शेतकऱ्यानं स्वतः बारं धरून पाणी वळवायचंच नाही, म्हणजे रात्री चोरून फोडायचा प्रश्नच नाही. "बारा सहा ग" जे धरणांना सांगतं ते या लोकांनी बांधाबांधावर आणलं होतं. वर धरणं झाली, नदीचा उन्हाळी प्रवाह तुटला आणि अनेक फड मोडले.

पूर्व विदर्भात मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या वेळचे, तलाव आहेत. तिथं कुणाच्या शेताला कुठल्या तलावाचं पाणी, हे वाजिब-उल-अर्जमध्ये, निस्तारपत्रकात, म्हणजे गावाच्या जुन्या हक्कनोंदीत, लिहिलेलं असायचं. लिहिलेलं! भंडाऱ्याच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला होता, सातबाऱ्यापेक्षा जास्त जपून ठेवलेला. आणि पुरंदर तालुक्यात, नायगावला, ७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी. तिथल्या माणसाला विचारलं असतं, "तुझं किती?" तर त्यानं बोटावर मोजून सांगितलं असतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. राज्याराज्यांत जशी वाटणी लिहिली तशी उपखोऱ्याउपखोऱ्यांत लिहा, आणि ती फक्त दुष्काळासाठी नको, दरवर्षीसाठी हवी. पाऊस पडायच्या आधी लिहा, कारण पाऊस पडल्यावर प्रत्येकाला आपापल्या धरणाचं प्रेम येतं. १९७६ च्या कायद्याचे नियम पूर्ण करा आणि नद्या, लाभक्षेत्रं अधिसूचित करा. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला उद्घाटन नाही, कोनशिला नाही, म्हणूनच ते राहिलं. नदीवरच्या प्रत्येक मोठ्या उपशाला मीटर लावा. आणि १५ ऑक्टोबरच्या आकड्यावर ३१ ऑक्टोबरच्या आत पाणी सुटलंच पाहिजे, कुणाची बैठक होवो न होवो. बाभळीच्या दरवाज्यांना कुठं बैठक लागते?

सरकार हे कधी करेल ते मी सांगू शकत नाही. तुम्ही काय करू शकता ते सांगतो आणि थांबतो. इथून जवळच पाटबंधारे शाखेचं कार्यालय आहे. १५ ऑक्टोबरला रब्बी हंगाम सुरू होतो आणि कालवा सल्लागार समितीची बैठक त्याच्या आसपास लागते. त्या बैठकीच्या आधी, गावातल्या पाचदहा जणांनी मिळून तिथं जायचं. लेखी अर्ज द्यायचा आणि तीन गोष्टी मागायच्या. आपल्या वितरिकेचं, म्हणजे कालव्याच्या आपल्या फाट्याचं, या वर्षाचं पाण्याचं अंदाजपत्रक. आपलं गाव लाभक्षेत्रात असल्याच्या अधिसूचनेची प्रत. आणि आपल्या बंधाऱ्यावरच्या किंवा चारीवरच्या उपसा परवान्यांची यादी. अर्जाची पोच घ्या, तारीख आणि शिक्का बघून घ्या. यादी मिळाली की एका रविवारी काठानं चाला आणि मोटारी मोजा. मला बोलवा, मी येईन. पाय अजून चालतात.